सासुरवाडीतला टेम्पो रन

मी एकदा अख्खं गाव पळवून लावलं, तेही तोंडातून एकही खोटा शब्द न काढता.

गाव सासुरवाडीचं. नागोठण्याजवळ, एका केमिकल कंपनीच्या कुंपणाला चिकटलेलं. बायको पेणला शाळेत पीटी शिकवते आणि घरी मला अर्ध्या मॅरेथॉनसाठी पळवते. (शाळेतली मुलं निदान घंटा झाली की सुटतात!) तिचा सगळा जीव टेम्पो रनवर.

"धड जोरात नाही, धड रमतगमत नाही. शरीर 'थांब' म्हणालं की त्याच वेगात पुढे रेटायचं. दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता आलं तर समजा, तुम्ही फिरायला आलायत!"

मी तिला घाबरतो, म्हणून धावतो.

सुट्टीत दोघं सासुरवाडीला आलो होतो. त्या सकाळी टेम्पो रन करत कंपनीकडून गावात परत येत होतो. डंपरची धूळ नाकात जायला लागली, म्हणून रुमाल भिजवून नाकाला बांधला. आता, या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे : गॅस सुटला तर नाकाला ओलं फडकं बांधायचं आणि कंपनीकडे पाठ करून पळायचं. कंपनीवाले येऊन शिकवून जातात. पेणच्या रामवाडीतल्या जावयाला हे कोण सांगणार!

नळावर चुलतसासूबाई होत्या.

"काय झालं वो, जावयबापू?"

"थांबता... येत... नाही!"

"अवो, पन झालं काय?"

"नंतर... सांगतो!"

मागे हंडा आपटल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा. वळून पाहिलं तर सगळं गाव माझ्यामागे! कोणाच्या नाकाला टॉवेल, कोणाच्या पदर, एकाच्या तर चक्क ओला पायजमा! कोणाच्या काखेत कोंबडी, कोणाच्या डोक्यावर मिक्सर!

"पळा! गॅस सुटलाय!"

गॅस? तरीच मघापासून श्वास पुरत नव्हता! (टेम्पो रनमध्ये तो कोणालाच पुरत नाही, पण तेव्हा डोकं कुठे जागेवर होतं?) आणि मागच्या आळीत बायको, गुडघ्यांनी खाटेला खिळलेले सासरे! मी उलटा फिरलो.

"जावयबापू, तिकडं नको! मराल!"

मरणार हे मलाही पटलं होतं. शरीर पावलोपावली 'थांब' म्हणत होतं आणि मी थांबत नव्हतो. टेम्पो रनचा उपयोग काय, ते मला त्या आळीत कळलं. घरात घुसलो आणि सासऱ्यांना चहाच्या कपासकट पाठीवर घेतलं.

"अहो, काय चाललंय?" बायको किंचाळली.

"गॅस! चल!"

"कंपनीचा भोंगा तर वाजला नाही. कोणी सांगितलं?"

"अख्खं गाव पळतंय!"

"कोणाच्या मागे?"

मी विचार केला. रुमाल खाली ओढला.

"माझ्या."

तोवर माझ्यामागोमाग उलटं फिरलेलं गाव दारात जमलं होतं.  पाठीवरून सासरे म्हणाले, "चहा तर सांडलात. आता घेतलंच हाय पाठीवर, तर टपरीपर्यंत सोडा. पन चालत हां, जावयबापू! तुमी धावलात की गावाला धावायला लागतं."