स्वखुशीने

माझा नवरा कमलाकर इथे परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर होता. दुसऱ्यांच्या जिवाची काळजी करण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी तेच काम तो फुकटात करायचा. गॅस बंद आहे ना म्हणून अंथरुणातून उठणार, चोआ चू कांगच्या घरून एअरपोर्टला जायचं तरी विमान सुटण्याच्या कितीतरी आधी बॅगा दाराशी मांडणार. असल्या माणसाने एवढं मोठं संकट आपल्या हाताने ओढवून घ्यावं, याचा मला अजून राग येतो.

२०१७ साली तेलाच्या मंदीत त्याची जागा रद्द झाली. मॅनेजरने बोलावून सांगितलं, करारात आहे तशी भरपाई मिळेल. दुसरा कुणी मुकाट्याने घरी आला असता आणि बायकोपाशी रडला असता. आमच्या शहाण्याने विचारलं, "त्यापेक्षा मी राजीनामा दिला तर चालेल का?" त्यांच्या घराण्यात कुणाला कधी कामावरून काढलेलं नव्हतं. सासरे शाल-श्रीफळ घेऊन बँकेतून निवृत्त झालेले. मॅनेजरला काय, डोक्याचा ताप गेला. एचआरच्या मिस गो कागद घेऊन आल्या आणि कमलाकरने सही केली. राजीनामा देणाऱ्याला भरपाई मिळत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

घरी येऊन मला म्हणाला, "सुलेखा, नोकरी पुरे झाली. आता स्वतःची कन्सल्टन्सी काढतो." मला आनंद झाला! मी हौसेने कम्युनिटी क्लबचा हॉल घेऊन सत्यनारायण घातला. मराठी मंडळातली माणसं आली, ऑफिसची आली, मिस गोंनी प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. मग कमलाकरने मराठीत भाषण केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भरपाई आली नाही तेव्हा त्याने कंपनीकडे अपील केलं. ते फेटाळलं गेलं, आणि मगच त्याने मला खरं काय ते सांगितलं. मी हातातली कणीक तशीच टाकून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. रागावले होते म्हणून नाही. घाबरले होते म्हणून. आमच्या पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच वर्षी होतं. नोकरी नाही, फ्लॅटचं कर्ज डोक्यावर, आमच्या मुलीचं, जाईचं, युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष. भरपाई मिळाली तर दुसरी नोकरी लागेपर्यंत तग धरता येणार होता. नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा.

"पुढे अपील कर," मी म्हटलं. "सरकारी मध्यस्थाकडे जा."

"आणि त्यांनी मला खोटारडा ठरवलं तर? नूतनीकरणाच्या वेळी तेच बघतील." तो म्हणाला.

"बाबा, यू मस्ट गो लाह," जाई म्हणाली. "बट डोंट एनीहाऊ साइन अगेन." पुन्हा न वाचता कुठे सही करू नका, असं तिच्या इथल्या इंग्रजीत.

अर्ज केला. आणि कंपनीचं उत्तर आलं: राजीनामा स्वखुशीने होता, त्याने समारंभ करून हसतमुखाने भाषणही केलं, आमच्याकडे व्हिडिओ आहे. पूजेला आलेल्या मिस गोंनी फोनवर भाषण घेतलं होतं, कौतुकाने.

त्या दिवसापासून घरात कुणी धड जेवलं नाही. फोन वाजला की कमलाकर आधी माझ्याकडे बघायचा. दाराची बेल वाजली तर टीव्हीचा आवाज कमी करायचा. तो आपला बसल्या जागी काहीतरी पुटपुटत असायचा. मी जवळ गेले की गप्प. मलाही भीती वाटत होती, पण दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल, म्हणून मी भांडी घासत बसायचे.

सुनावणीच्या खोलीत मला मागे बसायची परवानगी मिळाली. मध्यस्थ मध्यमवयीन, शांत बाई होत्या. मिस गोंनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर रेशमी कुर्त्यातला माझा नवरा ऐटीत बोलत होता. बोलणं मराठीत. खोलीत ते कळणारी आम्ही दोघंच.

"सर, तुम्ही इथे काय म्हणताय?" मध्यस्थ बाईंनी विचारलं.

कमलाकरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. देवाचे आभार मानतोय म्हणायचं, सोपं होतं. खोटं बोलेल याची भीती वाटत होती, आणि खरं बोलेल याचीही.

त्याने वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. मी स्वखुशीने सोडतोय. मला कुणी काढलेलं नाही. कंपनी थांब म्हणत होती. एकही वाक्य गाळलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, यातलं काहीच खरं नाही. मला काढलं होतं. मला लाज वाटली."

"स्वतःच्या माणसांसमोर असं कुणी खोटं बोलतं का?" मिस गो म्हणाल्या.

मध्यस्थ बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं का, यांना काढलंय ते?"

माझे कान तापले. हो म्हटलं तर आमची अब्रू राहत होती. पण मग त्याचं लाजेचं बोलणं कुणाला पटलं असतं?

"नाही," मी म्हटलं. "पूजा मीच घातली. मला सगळं खरं वाटलं होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि यांनी मलाही सांगितलं नाही."

कमलाकरने मान खाली घातली. आता त्या व्हिडिओला अर्थ उरला नव्हता; मिस गोंनी लॅपटॉप मिटला आणि त्या फोन करायला बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा कंपनी बरीचशी भरपाई द्यायला तयार होती. बाईंनी मसुदा करायला घेतला.

एमआरटी मेट्रोच्या फलाटावर त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा घामाने ओला होता. "सुटलो ग," म्हणाला.

"कमलाकर, आणखी काही आहे का, मला न सांगितलेलं?"

"नाही ग. काही नाही."

माझ्या डोळ्यांत बघून, अगदी मायेने म्हणाला. गाडी आली, आम्ही शेजारी शेजारी बसलो. हे खरं की खोटं, मला सांगता येईना, आणि तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली.