वाल सोलतानाची प्रार्थना

माझे सासरे निवृत्त झाले आणि त्यांची प्रार्थना वाढली. सगळा जन्म वागळे इस्टेटच्या कारखान्यात गेलेला माणूस, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की पंखे पुसायचे निघाले की पप्पा आतल्या खोलीत जाऊन गुडघे टेकतात. गिरणीत दळण न्यायचं असलं की त्यांना चर्चच्या मंडळीतले आजारी लोक आठवतात. आता प्रार्थनेतल्या माणसाला उठवणार कोण?

मम्मींनी उठवलं. माझ्या सासूबाई निवृत्त नर्स. एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की भक्ती असो की भांडी, प्रभूसाठी म्हणून मन लावून करा, आळस नको. घरी आल्या आल्या मम्मींनी मोड आलेल्या वालांचं पातेलं पप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"अहो, प्रार्थना तोंडानं करता ना? मग हात मोकळेच आहेत."

पप्पा आधी फुगले. मग बसले सोलायला. एकेकाचं नाव घ्यायचं, एकेक वाल सोलायचा. तासाभरानं त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, अजून वाल आहेत का? माजिवड्याची मंडळी राहिलीत."

त्यांना ते भलतंच आवडलं. म्हणाले, नुसतं बसलं की डुलकी लागते, हात चालू असले की मन जागं राहतं. आम्ही मात्र रोज वालाचं बिरडं खायला लागलो. शेवटी माझा नवरा काकुळतीला येऊन म्हणाला, "पप्पा, जरा कमी लोकांसाठी प्रार्थना करा ना!"

त्यावर पप्पांनी तोडगा काढला. चर्चमध्ये प्रीतिभोजन होतं, मोठ्या पातेल्यात बिरडं व्हायचं होतं. वाल आम्ही पुरुषमंडळी सोलणार, असं त्यांनी जाहीर केलं. बायकांचा विश्वासच बसेना. सकाळी पाळकसाहेबांसकट सगळे गोल करून बसले आणि पप्पांनी प्रार्थना सुरू केली. काय रंगली म्हणून सांगू! पप्पांचा आवाज भरून आला, दोघा-तिघांनी डोळे पुसले.

"आमेन" झालं आणि मी पातेलं उचलायला गेले. पाहते तो पातेल्यात सालं, कचऱ्याच्या टोपलीत वाल. सगळ्यांनी भक्तिभावानं डोळे घट्ट मिटून सोललं होतं.

जेवण किती लांबलं ते विचारू नका. सगळे पुरुष मान खाली घालून टोपलीतले वाल वेचत बसले. त्यातही एक वडीलधारे गृहस्थ कुरकुरले, "पण डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची म्हणजे... बरं दिसत नाही."

मम्मी वाल धुवत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. "मी जन्मभर इंजेक्शन देताना प्रार्थना केली, भाऊ. डोळे मिटले असते तर?"

पाळकसाहेब सगळ्यात आधी हसले. मग ते गृहस्थही हसले आणि नकळत स्वतःचा दंड चोळू लागले.

तेव्हापासून पप्पा आमच्या घरी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतात, तीही ओट्याजवळ खुर्ची टाकून. परवा मी डबा भरत होते, त्यांची प्रार्थना चालली होती.

"हे दयाळू पित्या, आमच्या सूनबाईला तिच्या कामात बळ दे... अगं, दूध उतू चाललंय! ...आणि लक्षही दे."