वैनीच्या घराची प्रार्थना

आमच्या घराण्यात कुणी पैलवान झाला नाही की कुणी साखर कारखान्याचा डायरेक्टर झाला नाही. कोल्हापुरात ह्या दोन्ही गोष्टी नसल्या की माणसानं मिरवायचं काय, हा प्रश्नच पडतो. आम्ही प्रार्थना मिरवली. माझे वडील मंडळीत वडीलजन होते, म्हणजे चर्चच्या कारभारातले जाणते पंच. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. वडील गेले आणि ती गादी माझ्याकडं आली. खरं तर ती माझ्या थोरल्या भावाकडं, दादाकडं, जायला हवी होती. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की दादाला घाम फुटायचा. "तूच कर बाबा," म्हणून तो माझ्या पाठीत बुक्की घालायचा.

मला काय, तेच हवं होतं.

घरात आम्ही हाय-न्हाय करणारी माणसं. पण डोळे मिटले की माझ्या तोंडातून एकदम 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' असं साजूक तुपातलं मराठी बाहेर पडायचं, जणू देवाला कोल्हापुरी कळत नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, सगळं वडिलांचं ऐकून पाठ. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो. ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात ते लाकडी नमुने आम्ही तयार करायचो. माझ्या प्रार्थनांचेही तसेच तीन नमुने होते: आजाऱ्याचा, मयताचा आणि शुभकार्याचा. प्रसंग बघून काढायचा आणि वापरायचा. आमच्यात दुःखाचं घर असो की नवं घर, प्रार्थना झाल्याशिवाय चहाचा कप हलत नाही. त्यामुळं मला मागणी भरपूर. खंडेनवमीला कारखान्यात मशिनांना हार घालून नारळ फुटला की आमचा फोरमन म्हणायचा, "आता तुमचीबी एक होऊन जाऊ द्या. कुणाची कमी नको." मी तिथंही डोळे मिटायचो. आणि खोटं कशाला सांगू, एक डोळा किलकिला करून कोणाकोणाचे डोळे भरलेत तेही बघून घ्यायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं दादाला कावीळ झाली. आधी घरीच पथ्यपाणी केलं, मग दवाखाना. अकरा दिवस तो पडून होता. मधल्या रविवारी मी मंडळीपुढं उभा राहिलो आणि आजाऱ्याचा नमुना काढला. पण त्या दिवशी तेवढ्यावर माझं भागलं नाही. आवाज चढला आणि मी ठासून बोलून गेलो, की देवानं मला खात्री दिली आहे, पुढच्या रविवारी माझा भाऊ इथं माझ्या शेजारी बसलेला असेल. लोकांनी जोरात आमेन म्हटलं. दादाची बायको, माझी वैनी, पदर डोक्यावर घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. तिनं सगळ्यांत जोरात म्हटलं.

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात तिनं मला विचारलं, "भावजी, आईला गारगोटीस्नं बोलावून घेऊ काय? तिचा ह्यांच्यावर लई जीव हाय."

"कशाला म्हातारीला यष्टीत हाल करताय, वैनी?" मी म्हटलं. "दादा बरा होऊन आपणच जाऊ की गारगोटीला."

पुढच्या रविवारी दादा मंडळीत होता, पण पेटीत. गारगोटीची म्हातारी पोचली तेव्हा दफन उरकून आम्ही हातपाय धूत होतो. ती दारात उभी राहून माझ्याकडं एकदा बघून आत गेली. पुढं बरीच वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

दादाच्या मयताची प्रार्थनाही मीच केली. चांगली झाली असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "एवढ्या दुःखात प्रार्थना काय गोड झाली हो!" मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. कारण आत काहीच नव्हतं. घरी कॉटशेजारी गुडघे टेकले की मी फरशीच्या भेगा बघत बसायचो. 'हे पित्या' एवढं म्हटलं की पुढं भिंत. आणि चारचौघांत उभा राहिलो की नळ सोडल्यासारखं धो धो. ह्याचीच मला भीती बसली. इतकी पोकळ झालेली प्रार्थना बाहेरून कुणालाच ओळखू येत नसेल, तर आधीची तरी खरी होती काय? वडिलांची खरी होती काय? का आमचं सगळं घराणंच नमुन्यावर चाललं होतं? हे विचारायचं कुणाला? पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली असती, आणि ती माझ्याइतकी चांगली झाली नसती, ही घमेंडही जाता जात नव्हती. आणि वैनीला तर सांगणं शक्यच नव्हतं. तिनं माझ्या शब्दावर आईला बोलावलं नव्हतं.

वैनी मात्र दोन वर्षांत उभी राहिली. लग्नाआधीचा नर्सिंगचा कोर्स तिच्या पदरी होता. हातकणंगल्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती लागली, पोरीला तिथल्याच शाळेत घातलं, आणि स्टेशनपासून जरा आत दोन खोल्या बांधल्या. वर पत्रा, पुढं बसण्याएवढा रुंद कट्टा. गवंड्याशी भांडून खिडकी मोठी करून घेतली. आम्हांला कळवलं ते एकदम घराच्या प्रार्थनेलाच. "तेवढं पाळकसाहेबांस्नी त्रास नको," तिनं निरोप धाडला, "भावजी करतील."

माझी आई, बायको आणि मी यष्टीनं गेलो. खोलीत पंधरावीस माणसं दाटीनं बसलेली. आमची थोडी, बाकी शेजारपाजारचे. शेजारची एक मावशी, म्हशीवाली, वैनीला रोज दूध घालायची, ती नवं पातळ नेसून अगदी माझ्यासमोर मांडी घालून बसली. "मला काय तुमचं येत न्हाय बाई," ती वैनीला म्हणाली, "नुसतं बसू का कायतरी म्हणायचं?"

"नुसतं बसा, मावशी."

मी उभा राहिलो. डोळे मिटले. शुभकार्याचा नमुना काढला: 'हे परमदयाळू पित्या, आज ह्या घरात आम्ही तुझी लेकरे तुझ्या चरणांशी एकत्र जमलो आहोत.' आता घोटाळा असा, की मयताच्या नमुन्याचं पहिलं वाक्यही हेच. आणि आमच्याच माणसांत, ह्याच वैनीसमोर मी मागं हे वाक्य म्हटलं होतं ते दादाच्या वेळी. सांधा बदलला आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली, मला पत्ताच नाही. ज्याला तू आपल्या कुशीत बोलावून घेतलेस, असं मी म्हणालो. लोकांना वाटलं, भावाची आठवण काढतोय. आईनं पदर डोळ्याला लावला. मी आवाज खाली घेतला. ह्या शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन कर, म्हणालो. तरी कुणी हललं नाही. मग मी, अगदी योग्य जागी थांबून, घोगऱ्या आवाजात म्हणालो, "आणि आता हा देह आम्ही मातीच्या स्वाधीन करतो."

मग म्हशीवाल्या मावशीचा आवाज, "आता गं बया! कोण गेलं वं?"

मी डोळे उघडले. ती चारी बाजूंना मान फिरवून मोजल्यासारखी माणसं बघत होती. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. एरवी मी सावरलं असतं. एखादं वाक्य जोडून गाडी परत रुळावर आणणं मला अवघड नव्हतं. तोंड उघडलंही. पण समोर वैनी होती. ती हसतही नव्हती आणि रडतही नव्हती. नर्स जशी पेशंटकडं बघते तशी बघत होती.

"वैनी," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडातून घरची भाषा यायला लागली, "माझ्याच्यानं होत न्हाय. दादा गेला तवापासनं एकदाबी खरी झाली न्हाय."

"मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवापासनंच. लई गोड व्हायला लागली हुती की." ती उठली. "बसा तुम्ही."

मी बसलो, मावशीच्या शेजारी, कारण जागा तेवढीच होती. वैनीनं डोक्यावरचा पदर नीट केला. आजवर तिला कुणी प्रार्थना करायला सांगितलंच नव्हतं. आम्ही घराण्यातले असताना तिला कोण विचारणार?

"देवा," ती म्हणाली, "घर झालं. तूच हात दिलास, त्याला मी न्हाय म्हणत न्हाय. पर एक माणूस कमी हाय. तू नेलास. का नेलास ते मी रोज इचारते आणि तू बोलत न्हाईस. माझा तुझ्यावरला राग गेल्याला न्हाय. पर मी इचारायचं सोडनार न्हाय, आणि तूबी हितनं जायाचं न्हाय. पोरीला शिकीव. ह्या भावजींस्नी सांभाळ, त्यांनी लई दिवस एकट्यानं सोसलंय. आमेन."

वडिलांच्या प्रार्थना मी तीस वर्षं ऐकल्या होत्या. वीस वर्षं स्वतः केल्या होत्या. पण माझ्या अंगावर काटा आला तो त्या पत्र्याच्या खोलीत. आणि काट्यामागोमाग जे आलं त्याला मी लाज म्हणणार नाही. छाती फुगली माझी. ही आमच्या घरातली बाई! चारचौघांत देवाशी नजर भिडवून भांडते, आणि त्यालाच घरात ठेवून घेते!

"आता कसं," मावशी गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, "काय म्हनालीस ते समजलं तरी. मगाशी मी तर माणसंच मोजाय लागल्ते."

चहा-शिरा झाला. शिरा खाताना माझ्याकडं बघून हसू दाबणारी माणसं मी मोजली नाहीत. वैनी मागच्या दारी कपबशा विसळत होती तिथं मी गेलो. गारगोटीच्या म्हातारीचा विषय काढला. म्हणालो, "चूक झाली माझी, वैनी."

"झालीच," ती म्हणाली. "पर ते मला सांगून काय? आईला सांगा."

परतीच्या यष्टीत आई खिडकीशी बसली होती. रुकडीच्या पुढं आल्यावर बोलली, "तुझ्या बाचंबी असंच व्हायचं."

"कसं?"

"अडायचं त्याचं. म्हैना म्हैना. तवा तो गुमान उठून माझ्याबरोबर भांडी घासाय बसायचा. मी इचारायची न्हाय. एक दिवस आपोआप भांडी सोडून चर्चला जायाचा."

"आन् तू हे आत्ता सांगतीस?"

"तू कवा इचारलंस? तुला नुसती प्रार्थनाच करायची असायची."

मी महिनाभर भांडी घासली. फरक पडला तो बायकोला. ती खूश झाली. माझ्यात काही आपोआप आलं नाही. पण एक गोष्ट केली. मंडळीत प्रार्थनेला नाव पुकारलं की मान हलवून नकार द्यायला लागलो. पहिल्यांदा लोक वळून बघायचे, खंडेनवमीला कारखान्यातही नको म्हटलं तेव्हा फोरमननं तर धर्म सोडला काय म्हणून चौकशी केली. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग तुमच्या वैनींना बोलावू या का?" आणि बोलावलं. तेव्हापासून आजाऱ्याच्या घरी, दुःखाच्या घरी वैनी जाते. दवाखाना सुटल्यावर हातकणंगल्याहून ती येते, आणि स्टँडवरून तिला मोटरसायकलवर न्यायला मी असतो. आमच्या घराण्याची गादी आता पिलियनवर बसते, असं मी सगळ्यांना सांगत सुटतो. काही वर्षांनी मंडळीनं तिला वडीलजन निवडलं, आमच्या मंडळीतली पहिली बाई. त्या दिवशी हात वर करणाऱ्यांत माझे दोन्ही वर होते. एक खाली घ्यायला लावला.

पण गारगोटी राहिलीच होती. चार वर्षं राहिली. शेवटी पुतणी दहावी पास झाली तेव्हा वैनीनं आम्हांला जेवायला बोलावलं, आणि दारात चपला काढताना मला दिसलं, आत म्हातारी बसलेली. माझ्याकडं बघून तिनं तोंड फिरवलं. पानं वाढून झाली. माझी आई म्हणाली, "कोण करतंय प्रार्थना?" सगळे वैनीकडं बघायला लागले. वैनी भाकरीच्या बुट्टीवर फडकं झाकत राहिली.

"मी करतो," मी म्हटलं.

मी डोळे मिटले नाहीत. मिटले तर ते तीन नमुने दिसतील अशी भीती होती. म्हातारीच्या ताटाकडं बघत बोललो. "देवा, मी खात्री न्हवती तवा खात्री दिली. ह्या आईला जावयाचं तोंड बघाय मिळालं न्हाय, ते माझ्यामुळं. आज तिच्यापुढं सांगतो. दादाची लई आठवण येती. अन्नासाठी उपकार."

आमेन म्हणायचं राहिलंच. पुढं काही सुचेना, आणि सगळे मान खाली घालून वाट बघत राहिले. मग म्हातारीनं खाकरून गळा मोकळा केला.

"आमेन," ती म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "घ्या जेवून."