विशालाक्षीमामींचं कट्टम

तिरुवल्लिकेणीत मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहते, त्या दत्ताजीमामांना एखादी गोष्ट आवडली की ते छान म्हणत नाहीत. "हे कट्टमात घालायजोगं अहे," असं त्यांच्या घरच्या जुन्या दक्षिणी मराठीत म्हणतात. मामींचं रसम कट्टमात, हात पाहून थांबलेली बस कट्टमात, मी पुण्याहून आणलेली बाकरवडीही कट्टमात. कट्टम म्हणजे तमिळमधली चौकट. मामांची नोकरी एका तमिळ सायंदैनिकाची पानं लावण्यात गेली. ते दैनिक बंद पडलं आणि हा शब्द घरी राहायला आला.

कचेरीत त्या एका शब्दावर सगळा कारभार चाले. महत्त्वाची बातमी पातळ रेघेच्या कट्टमात, गमतीची दुहेरी रेघेच्या. पक्षातून कुणाला काढलं की त्याला कट्टम बांधलं, असं म्हणायचे. संपादकांनी कुणाशी बोलणं सोडलं तरी तेच. आणि जाड काळं कट्टम मेलेल्या माणसांचं. खिळ्यांची छपाई थांबली तेव्हा मामांनी रेघांच्या पितळी पट्ट्या मागून आणल्या. त्या बिस्किटांच्या डब्यात आहेत आणि मामी त्या डब्याला शिवत नाहीत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "ह्या गल्लीतल्या किती बायका ह्यांच्या पेपरांत आल्या, सांग. सगळ्या जाड कट्टमात. जिवंतपणी एक नाही."

यंदा मामींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मामांचे गुडघे धड नाहीत, माझं ऑफिस लांब. गल्लीने सगळं अंगावर घेतलं. शेजारच्या रम्याने रक्त दिलं, फुलं विकणाऱ्या कनकाअम्मांनी रोज कंजी, म्हणजे तांदळाची पेज, पोचवली, समोरच्या मॅन्शनमधली, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमधली, मुलं इस्पितळाच्या बाकावर पाळीपाळीने बसून राहिली. त्यातल्या काहींची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती. मामी परत आल्या.

आता मामांना गल्लीचे आभार मानायचे होते, आणि तेही मामींच्या फोटोसकट, पातळ रेघेच्या कट्टमात. कागद जिन्याखाली लावायचा. "जाड कट्टम काय, कोण तरी घालेलच," ते मला हळूच म्हणाले. "त्याच्या आधी एक पातळ माझ्या हातचं होऊं दे."

मामी ऐकेनात. "भिंतीवर कट्टमातला फोटो दिसला की लोक हात जोडतात. मग मी आंत बसून रसम जेवूं कां?" त्यांचं खरंच होतं. आमच्या रस्त्यावरच्या भिंती श्रद्धांजलीच्या फोटोंनी भरलेल्या आहेत. मामा रुसले. रसमालाही 'कट्टमात' म्हणेनात. मी मध्ये तोंड घातलं, कॉम्प्युटरवर फुलांची नक्षी काढून देते म्हणाले, तर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने वर गेले.

रविवारी सकाळी त्यांनी डबा उघडलाच. पातळ पट्ट्या शिक्क्याच्या शाईत बुडवून कागदावर दाबू लागले. वरची रेघ उमटली, मग दोन्ही बाजूंच्या. मामी कॉफी घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. मामांनी खालची पट्टी उचलली, तेव्हा मामींनी त्या पट्टीवर हात ठेवला.

"हे नक्को. चारी बाजू बंद केलं की मज भय होतं."

"उघडं कट्टम? असलं पान मी कित्येकांना परत केलंय."

"मज परत करूं नका," मामी म्हणाल्या.

मामांनी पट्टी पुसली आणि डब्यात ठेवली. मग मामींनीच आतून फोटो आणला, हसरा, केसांत मल्लिगे, म्हणजे मोगरा, माळलेला. खाली नावं मी लिहिली. मॅन्शनमधल्या मुलांची नावं विचारायला मामींनी मला समोर पिटाळलं. ती एवढी निघाली की रेघा संपल्या तरी नावं संपेनात, आणि शेवटी मामांनी मला माझंही घालायला लावलं. माझं अक्षर तिथे थोडं बिघडलंय. या परक्या शहरात असं घर मिळालं, यासाठी मी कुणाचे आभार मानू, मला कळत नव्हतं.

प्रती काढायला गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या सुंदरने कागद उलटसुलट पाहिला. खालची रेघ राहिली सर, ओढून देऊ का, त्याने पेन काढत विचारलं.

मामांनी कागद त्याच्या हातून काढून घेतला. "राहू दे," ते तमिळमध्ये म्हणाले. "मजकूर अजून यायचा आहे."