नावाखाली काही लिहायचं नाही

आमच्या गावाच्या नाक्यावर, एसटीच्या थांब्याला लागून, पत्र्याच्या छपराखाली एक काळा फळा आहे. गाव डहाणू तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात गावाची काही चूक नाही. त्या फळ्यावर रोज सकाळी गावच्या बातम्या खडूने लिहिल्या जातात. नळाला पाणी किती वाजता, लाइट कधी जाणार, रेशनचा तांदूळ आला की नाही, ग्रामसभा कधी, डोळे तपासायचं शिबिर कुठे. आता हे सगळं मोबाइलवरही येतं, पंचायतीचा ग्रुप आहे. पण त्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं आणि देवांचे फोटो इतके येऊन पडतात की त्यातून पाण्याची वेळ शोधेपर्यंत नळ आटतो. म्हणून आमचा फळा टिकला.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो फळा मी लिहिते. कुणी नेमलं नाही, पगार नाही. आधी जे गृहस्थ लिहायचे त्यांच्या ओळी उतरणीला लागायच्या आणि शेवटचा शब्द फळ्याबाहेर जायचा, ते मला बघवेना. मी एकदा पुसून परत लिहिलं आणि तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मीच ते गळ्यात घालून घेतलं. सायवनच्या शाळेत होते तेव्हापासून मला माझ्या अक्षराचा गर्व आहे. तिथे डोंगरातल्या गारठ्यात सकाळी मुलं यायच्या आधी मी सुविचार लिहून ठेवायची आणि मग लांब उभी राहून स्वतःच बघत बसायची. इथे समुद्राची दमट हवा खडू धरू देत नाही, म्हणून मी खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घेते. अक्षर ठसठशीत उठतं आणि दोन दिवस हलत नाही. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना याचं हसू येतं. म्हणतात, मुंग्या तुझ्या बातम्या वाचायला येतात.

या फळ्याचा एक रिवाज आहे. गावात कुणी गेलं की फळा पूर्ण पुसायचा आणि मधोमध फक्त त्या माणसाचं नाव लिहायचं. तीन दिवस ते नाव तसंच राहतं. राख सावडून झाली की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुसायचं. तोपर्यंत त्याच्या खाली काही लिहायचं नाही. पाण्याची वेळसुद्धा नाही. रिवाज माझ्या आधीचा आहे, पण मी तो शाळेच्या शिस्तीने पाळला. एकदा एका पोराने नावाखाली गॅसच्या गाडीची वेळ लिहिली होती, तर त्याला मी भर नाक्यावर असं झापलं की त्याची आई मला आठवडाभर ओळख देत नव्हती. मेलेल्या माणसाच्या पायाशी सिलेंडर ठेवतोस का, असं काहीतरी मी बोलले होते.

आता तिच्याबद्दल. आमच्या किनाऱ्यावर ज्या बाया बोंबील सुकवतात त्यांच्यातली ती एक. वाळूत बांबू रोवायचे, आडवे बांबू बांधायचे आणि त्यावर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगायच्या. तिचे बांबू तिच्या सासूपासून त्याच जागी होते. जागा तिच्या नावावर नव्हती, कुणाच्याच नव्हती, सरकारी किनारा. मूलबाळ नाही, नवऱ्याने होडीवर जाणं दम्यामुळे सोडलेलं, त्यामुळे घर त्या बांबूंवर चालायचं. तिला वाचता येत नाही. सकाळी टोपली घेऊन ती नाक्यावर यायची, टोपली खाली ठेवायची आणि तिचा नवरा तिला फळा वाचून दाखवायचा. मोठ्याने, वरच्या वारापासून खालच्या ओळीपर्यंत. वाचता वाचता स्वतःची भरही घालायचा. "पाणी साडेसहा. म्हणजे सात. लाइट दहाला जाणार. म्हणजे आत्ताच गेली." थांब्यावरची माणसं हसायची. मला राग यायचा आणि आवडायचंही. माझं लिहिलेलं एवढ्या मन लावून वाचणारा दुसरा कुणी नव्हता.

तो एका मंगळवारी पहाटे गेला. दम्याचा जोर झाला, डहाणूला न्यायची गाडी येईपर्यंतही थांबला नाही. तिच्या दिराने घरी येऊन मला सांगितलं. दीर शेजारच्याच घरात राहतो, तारापूरला कारखान्यात जातो. मी फळा ओल्या फडक्याने दोनदा पुसला, नवा खडू काढला आणि त्याचं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं. आयुष्यात मी इतकं चांगलं अक्षर काढलं नसेल.

त्याच दुपारी पंचायतीचा शिपाई एक कागद घेऊन आला. किनाऱ्यावर बाकं, फरशी आणि गाड्या लावायची जागा होणार होती. तिथे जे मासळी सुकवतात त्यांनी लेखी अर्ज द्यावा, त्यांना खाडीच्या अंगाला दुसरी जागा आखून देण्यात येईल, मुदत गुरुवारी पाचपर्यंत. हा कागद पंचायतीच्या आवारात आधीपासून लागलेला होता, आमच्यापर्यंत येता येता तीन दिवस उरले होते. शिपाई वही पुढे करतो, मी सही करते: नोटीस मिळाली, फळ्यावर लिहिली. लिहायच्या आधीच सही करायची ही आमची पद्धत, कारण तो बिचारा परत फेरी मारणार नाही आणि मी लिहिल्याशिवाय राहणार नाही हे दोघांनाही माहीत. त्या दिवशीही मी सही केली. मग कागद पर्समध्ये ठेवला. फळ्यावर त्याचं नाव होतं, खाली अर्धा फळा मोकळा होता. तिथे अर्ज, मुदत, बाकं आणि फरशी लिहायची कल्पना मला शिवलीसुद्धा नाही. शुक्रवारपर्यंत उशीर होईल, असंही मनात आलं नव्हतं, कारण मुदतीकडे मी नीट बघितलंच नव्हतं.

ते बघितलं बुधवारी सकाळी. तेव्हा मनात आलं, आज तिच्याकडे भेटायला जायचंच आहे, सांगून टाकू. गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. बाया होत्या, दीर दारात होता. मला बघून ती म्हणाली, "बाई, लोकं सांगतात तुम्ही ह्यांचं नाव लय चांगलं लिवलंय. माझ्याकडनं तर वाचवणार नाय. पण ऐकून बरं वाटलं."

मी तिचा हात धरला. पर्स माझ्या मांडीवर होती आणि कागद पर्समध्ये होता. दुसऱ्या दिवसाच्या सुतकात बसलेल्या बाईला बांबूच्या जागेचा अर्ज करा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? दिराला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण तो डोळे पुसत होता. मी ठरवलं, त्याला माहीत असणारच, सगळ्यांना मोबाइलवर आलंय. चहा न घेता उठले आणि घरी येऊन कागद ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवशी मी मोठी समजूतदार आहे असं मला वाटलं होतं, हे मला आज सांगायलाही लाज वाटते.

दिराला माहीत नव्हतं. निवडणुकीच्या वेळी ग्रुपवर कुणाशी तरी त्याचं वाजलं होतं आणि तो बाहेर पडला होता. बाकीच्या बायांनी मोबाइलवर वाचलं, मुलांकडून अर्ज लिहून घेतले आणि देऊन आल्या. प्रत्येकीला वाटलं, हिचा दिराने दिला असेल. आणि सुतकाच्या घरी जाऊन विचारणार कोण?

तेराव्यानंतर ती किनाऱ्यावर गेली तेव्हा खाडीच्या अंगाला चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. प्रत्येकीचा चौकोन होता, तिचा नव्हता. मी पंचायतीत गेले. साहेब नवीन होते, सभ्य होते. यादी वर गेलीय, म्हणाले, आता उरलेली जागाही नाही. मी म्हटलं, तिच्या घरी मयत होती. ते म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतं. पण प्रसिद्धी झालेली आहे. फळ्यावर तुम्हीच लिहिलंय ना?" आणि वही उघडून माझीच सही माझ्यासमोर धरली. ती सहीसुद्धा अगदी नीटनेटकी होती.

तिथे मला म्हणता आलं असतं, की नाही लिहिलं, लेखी देते. प्रसिद्धीच झाली नाही म्हटल्यावर काहीतरी हललं असतं. निदान हलवायचा प्रयत्न झाला असता. मी म्हणाले, "हो, बघते," आणि बाहेर आले. छत्तीस वर्षं नोकरी केली, एकही कागद चुकीचा दिला नाही, हे मी सगळ्यांना सांगत असते. तेच आडवं आलं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "जा आणि सांग तिला." मी म्हटलं, जाईन. त्या गोष्टीला आता पावसाळा उलटून गेलाय.

बांबू काढावे लागले. किनाऱ्यावर फरशी झाली, बाकं झाली, संध्याकाळी डहाणूहून मंडळी भेळ खायला येतात. ती आता सकाळी सहाच्या गाडीने तारापूरला जाते, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. गाडी यायच्या आधी फळ्यासमोर उभी राहते. पहिल्या दिवशी मी खडू घेऊन पाठमोरी होते, मागून आवाज आला, "बाई, काय लिवलंय?" तेव्हापासून मी तिला रोज वाचून दाखवते. पाणी साडेसहा. लाइट दहाला जाणार. एक दिवस ती स्वतःच हळूच म्हणाली, "म्हणजे सात," आणि हसली नाही.

आणि एक दिवस तिने विचारलं. गाडीला उशीर होता, थांब्यावर आम्ही दोघीच.

"बाई, त्या टायमाला जागेचं फळ्यावर लिवलं होतं का? हापिसात बोलतात होतं. माझा दीर बोलतो नव्हतं."

मी तिच्याकडे बघितलं नाही. फळ्यावरची एक रेघ उगाच पुसत राहिले.

"होतं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मग त्यानं बघितलं नसंल. नायतर बघून पण गप्प ऱ्हायला असंल. त्याला आमचं घर पायजेच होतं." गाडी आली आणि ती चढून गेली.

तेव्हापासून ती दिराशी बोलत नाही. दोन घरांच्या मधलं दार तिने आतून बंद केलं, त्याला कपाट टेकवून ठेवलं, असं शेजारणी सांगतात. गणपतीला तो नैवेद्य घेऊन तिच्या ओट्यावर उभा होता आणि ती आत बसून राहिली. हे मी ऐकलं. तरीही मी गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, सणाचे दिवस जाऊ देत. शाळेत मुलं अशी कारणं सांगायची तेव्हा मी त्यांना उभं करून ठेवायची.

परवा सकाळी तो दीर फळ्यापाशी आला. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. नंतर इथल्या शाळेत त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, हुशार होती, तिच्याबद्दल काहीतरी बोलायचं असेल असं मला वाटलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, बोटाने बराच वेळ मागे मागे सरकवत गेला आणि माझ्यासमोर धरला.

आमचाच फळा होता. मधोमध त्याच्या भावाचं नाव, खाली अर्धा फळा कोराकरकरीत. फोटोवर वार आणि वेळ होती. गुरुवार, दुपारी दीड. राख सावडून येताना त्याने तो काढला होता.

मी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

तो म्हणाला, "वयनीला दाखवला नाय, बाई. तुम्ही पोरीला शिकवलंय. भावाचं नाव एवढ्या मनानं लिवलंत. गावात तुमचं नाव खराब होईल." मोबाइल परत खिशात ठेवला. "माझ्यावर राग आहे तिचा तर असू दे. घरातलाच आहे मी."

तो घराकडे गेला. मी फळा पुसला आणि लिहिला. पाणी सकाळी साडेसहा ते आठ. शुक्रवारी लाइट नाही. घरपट्टी भरायची खिडकी दुपारी बंद. थोड्या वेळाने ती आली आणि मी तिला ते वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली, गाडीत बसली.

नाक्यापासून तिच्या घरापर्यंत चालत सात मिनिटं लागतात. मी अजून गेलेले नाही.