सकाळी मूठ मिटत नाही

रक्त काढून झालं की मी माणसाला कोपराशी कापूस दाबून बाकावर बसवते. तेवढ्या वेळात लोक बोलतात. डॉक्टरांसमोर राहून गेलेलं, घरी कुणी ऐकत नसलेलं. आमच्या लॅबची शहापूर आणि मुरबाड अशी दोन सेंटर आहेत, मी दोन्हीकडे असते. त्यामुळे माझ्याकडे गोष्टी साठत जातात. या आमवाताच्या. ऐन उमेदीत बोटं सुजतात, सकाळी मूठ मिटत नाही, त्या आजाराच्या.

* * *

म्हसा गावच्या एका आजोबांची पुतण्यानं हौसेनं फुल बॉडी तपासणी करवली. त्यात आमवातासाठी रक्तात बघतात तो आरए फॅक्टर थोडा वाढलेला निघाला. आजोबांनी शेतावर जाणंच सोडलं.

डॉक्टरांनी एकेक बोट, मनगट, घोटा दाबून पाहिला. "दुखतं?"

"नाय."

"सकाळी आखडतं?"

"नाय."

"मग औषध कुणाला देऊ, कागदाला? या वयात हा आकडा आजार नसतानाही वाढतो."

आजोबा पुतण्याकडं बघून म्हणाले, "म्हंजे भात कापाया मीच."

* * *

उंबरमाळीच्या महेशचं बरोबर उलटं. हा गोदामात कामाला. सकाळी त्याला बाइकचा क्लच दाबवेना. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, तसा सुपरवायझर म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता कारणं नकोत."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि त्याच्या बोटांची पेरं चाचपली. सुजलेली होती. त्यांनी अँटी-सीसीपी सांगितली. आपल्याच सांध्यांवर उलटलेल्या अँटिबॉडी या तपासणीत सापडतात, कधीकधी पहिली तपासणी कोरी आली तरीही. महेशच्या सापडल्या.

गोळ्या सुरू झाल्यावर त्या लिव्हरला बाधत नाहीत ना, ते तपासायला तो अधूनमधून येतो. परवा हातात हेल्मेट होतं. मी नुसतं त्याकडं बघितलं. म्हणाला, "दाबतो आता क्लच."

* * *

एका बाईंचा नवरा रिपोर्ट घ्यायला आला. "पॉझिटिव्ह हाय ना? मंग चांगलंच की."

पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे, हे त्याला खाली बसवून सांगावं लागलं. सांगताना त्याचा चेहरा बदलत गेला, तो मला बघवला नाही.

* * *

एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिला रक्त तपासायला सांगितलेलं. वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, रिपोर्टवर दुसरं नाव टाकता येल का? पायजे तर तुमचंच टाका."

मुलीनं ते ऐकलं. "बाबा, नाव ताईंचं टाकलं तर दुखणार कोणाला?"

तिनं कापूस दाबलेल्या हातानंच फोन धरला आणि लग्न ठरलेल्या मुलाला सगळं सांगितलं. वडील बाहेर जाऊन उभे राहिले. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर तो मुलगा आला होता. सुई टोचताना त्यानं मात्र तोंड फिरवलं.

* * *

वैशाखरे गावच्या दोघी बहिणी आल्या. आजार धाकटीचा, मोठी सोबतीला. धाकटीची अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर तिला म्हणाले, "लवकर आलात. सांधे अजून शाबूत आहेत."

मोठीची बोटं मात्र केव्हाच वाकडी झालेली. वर्षानुवर्षं दुखण्याची इंजेक्शनं घेतली, रक्त कधी कुणी तपासलं नाही. तिनं हात माझ्या टेबलावर ठेवला. "माजंबी घे."

"मावशी, डॉक्टरांनी तुमचा हात बघूनच ओळखलंय. गोळ्या देतायत ना."

"तरी घे."

डॉक्टर हो म्हणाले, मी रक्त घेतलं. बाकावर बसल्यावर ती सांगू लागली, "भाकरी थापवत नव्हती. घरी म्हनायचे, सोंग करते."

"कोण म्हणायचं?"

तिनं कोपरावरचा कापूस आणखी दाबला.

रिपोर्ट घ्यायला ती नवऱ्याला घेऊन आली. तो दारातच उभा राहिला. "मला वाचता येत नाय," ती म्हणाली, "तू वाच."

मी वाचायला लागले.

"मोठ्यानं. आन् मराठीत."

मी कागद खाली ठेवला. "मावशी, तुम्हाला आमवात आहे. रक्तात दिसतोय. आजार खरा आहे."

नवरा खाली बघत होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"परत एकदा सांग," ती म्हणाली.