पारोळ्याच्या मापाड्याची करंगळी

लेकरू हाताला हलकं लागलं.

मी भूल देणारी डॉक्टर. टेबलावर घ्यायच्या आधी प्रत्येक मूल स्वतः उचलून आणायची माझी सवय होती. सिस्टर हसायच्या, "मॅडमना माया आलीय." माया कसली डोंबलाची! पोट फुगलंय का, छातीत घरघर आहे का, अंग तापलंय का, हे उचलल्यावर जितकं कळतं तितकं केसपेपर वाचून कळत नाही, म्हणून उचलायची. त्या सकाळी यादीतलं चौथं मूल मी उचललं आणि ऑपरेशन थिएटरच्या दारातच थांबले.

केसपेपरवर नाव होतं 'बेबी ऑफ शोभा', वय पाच महिने, वजन चार किलो सहाशे. हातात मात्र चार किलो सहाशे नव्हतं.

तेव्हा धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात दर दोन महिन्यांनी फाटलेल्या ओठांचा कॅम्प व्हायचा. मुंबईहून प्लास्टिक सर्जन यायचे. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर दोन दिवसांत पंधरा-सोळा मुलं करून रात्रीच्या गाडीनं परत जायचे. माझ्या वाट्याला ती सगळी पंधरा-सोळा भुलीची. दहा वर्षं झाली होती ते करून. पाठ कामातून गेली होती आणि आयांना तेच तेच समजावून तोंडाची चवही.

काय समजावायचं? तर हेच, की बाई, तू ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून ओठ चिरलेला नाही. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ एका तुकड्यात बनत नाही. दोन बाजूंनी आणि मधून असे भाग वाढत येतात आणि पहिल्या दोन-अडीच महिन्यांत एकमेकांना जुळतात. कधी एखादी सांध जुळायची राहून जाते. का राहते, ते नेमकं आम्हालाही सांगता येत नाही. त्यात कुणाचाच दोष नसतो. आया मान डोलवायच्या आणि बाहेर बाकावर बसलेली सासू पुन्हा ग्रहणच काढायची.

ऑपरेशनला एक दहाचा नियम असतो. मूल दहा आठवड्यांचं हवं, वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो हवं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन दहा ग्रॅम हवं. त्याच्या आत हात लावायचा नाही. एक तर भुलीचं प्रत्येक औषध किलोवर मोजून देतात. दुसरं म्हणजे रक्त. चार किलोच्या पोराच्या अंगात एकूण रक्त असतं सव्वातीनशे मिली, म्हणजे दोन कप चहाएवढं. त्यातले चार चमचे सांडले तरी ते आम्हाला मोजावे लागतात.

मी लेकरू घेऊन तशीच वॉर्डात परत गेले. झबलं, दुपटं, टोपी सगळं काढलं आणि काट्याच्या पाटीवर ठेवलं. चार किलो शंभर.

काटा बिघडला असेल म्हणून स्वयंपाकघरातून साखरेची एक किलोची पुडी मागवली. काट्यानं एक किलो दाखवलं. काटा शुद्ध होता.

"सिस्टर, सकाळी वजन कुणी केलं?"

"मीच केलं, मॅडम. थंडी होती म्हणून कपड्यांसकट केलं. कपड्यांचा पाव किलो वजा केला."

"जवळ कोण होतं?"

"तिचे आबा होते. बाळ घसरेल म्हणून दुपट्याचं टोक धरून उभे होते."

तेवढ्यात थिएटरमधून सरांची हाक आली. "मॅडम, चौथं कुठाय? मी हात धुऊन उभा आहे!"

"सर, वजन चुकलंय."

"पेपरवर चार सहाशे आहे."

"पेपरवर आहे. लेकराच्या अंगावर नाही."

सर दारात आले. हात वर धरलेले, कोपरांवरून पाणी गळतंय. "अहो, चारशे-पाचशे ग्रॅमनं काय होतंय? माझं अर्ध्या तासाचं काम आहे. या लोकांना पुन्हा दोन महिने ताटकळवायचं?"

"अर्ध्या तासात तुम्ही ओठ बघणार, सर. श्वास मला बघायचाय. मी भूल देणार नाही."

सर चिडले. पाचवं मूल घ्या म्हणाले. मी पाचव्याला भूल दिली, काम झालं, आणि मग बाहेर येऊन शोभाच्या वडिलांना बोलावलं.

आबा साठीचे, पांढरी टोपी, धोतर स्वच्छ. पारोळ्याच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला तोलून देणारा. दोघांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो. कॅम्पला आलेले पारोळ्याचे लोक त्यांना बघून उठून जागा देत होते, ते मी सकाळीच पाहिलं होतं.

"आबा, काट्याला हात लावलात?"

ते माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "करंगळी लाई मी, बाई."

"म्हणजे?"

त्यांनी टेबलावर ठेवलेल्या दुपट्याचं टोक हातात घेतलं आणि करंगळीनं नुसतं खाली ताणलं. मी समोर उभी असून मला हात हललेला दिसला नाही.

"तीस वरीस मापाडी शे मी. लोकेसन्या करंगळ्या धरामा जिंदगी गई. आजलगून कोनाच काटा मारा नही. आज पयल्यांदा मारा." असं म्हणून त्या माणसानं टोपी काढली आणि तोंड पुसलं.

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, त्यांना पाहून तो गेला नाही. "आबा, मी त्या आकड्यावर औषध देणार होते! तुमची नात टेबलावरच गेली असती तर?"

"मंग दोन महिना पोरले कोठे ठेवू? सासरना म्हंतस, ओठ शिवी आना, मंग नाव ठेवूत."

हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. शोभाची नणंद बारशाला आलीच नव्हती. असल्या तोंडाच्या पोरीच्या कानात मी नाव सांगणार नाही म्हणाली. पाच महिने झाले, पोरगी बिननावाची आणि आई माहेरी. मागच्या कॅम्पला आम्ही साडेचार किलो झाल्यावर या म्हणून परत पाठवलं होतं. आबांनी साडेचार किलो करून आणले.

पण पाच महिन्यांचं पोर चार किलोवर अडकतंच कसं? शोभाला म्हटलं, माझ्यासमोर दूध पाज. ती कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं, बाळाला आडवं घेतलं आणि तोंडासकट सगळं पदराखाली झाकलं. मग आत चमचा नेला. दोन चमचे गेले, तिसऱ्याला बाळ ठसकलं, दूध नाकातून आलं. तिनं घाबरून चमचा खाली ठेवला.

"अगं, तुला तिचं तोंड तरी दिसतंय का? पदर काढ."

"दखतीन ना लोके," ती म्हणाली. बाईचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

घ्या! लोक बघतील म्हणून आईसुद्धा बघत नव्हती. वरची हिरडीही चिरलेली होती, त्यामुळे बाळाला ओढता येत नव्हतं आणि आडवं पाजलं की दूध नाकात. पाच महिने ते पोर पदराखाली अर्धपोटी राहिलं होतं. आणि आम्ही शहाणे, 'वजन वाढवा' एवढं सांगून मोकळे झालो होतो. कसं पाजतेस, हे दहा वर्षांत मी एकाही आईला विचारलं नव्हतं.

मी पदर बाजूला केला. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं केलं, वॉर्डातलं बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, तोंडाच्या चांगल्या बाजूनं लावलं, थोडं थोडं दूध सोडलं, मध्ये ढेकर काढला. पोरीनं अख्खं बोंडलं संपवलं आणि आणखी मागायला लागली. शोभा बघत राहिली. मग रडली. सहावं मूल थांबलं होतं, मी उठले.

जाताना आबांना म्हटलं, "दर आठवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात वजन करायचं. उघडं करून."

"आनि करंगळी?"

"ती खिशात ठेवा."

दोन महिन्यांनी ते आले. सिस्टरनी केसपेपर काढला. "बेबी ऑफ शोभा ना?"

"नही," शोभा म्हणाली. "रूपाली लिखा."

"आत्या आली वाटतं?" मी विचारलं.

"नही उनी. मीच ठेवं."

तोपर्यंत ओठाला टाकाही पडला नव्हता. पोरगी आईच्या कडेवर उघड्या तोंडानं सगळ्या वॉर्डाकडे बघत होती. मी 'बेबी ऑफ शोभा' खोडून रूपाली लिहिलं.

वजन केलं तेव्हा आबा चार हात लांब उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. पाच किलो तीनशे. सरांनी ओठ छान जुळवला. पोरीनं टाके ओरबाडू नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या. पाचव्या दिवशी टाके निघाले. नाक जरा बसकं राहिलं, ओठावर रेघ राहिली. ती राहतेच. महिन्याभरात सासरचे येऊन दोघींना घेऊन गेले. "पाठवलंत?" पुढे भेटल्यावर मी विचारलं तर आबा म्हणाले, "धाडनीच पडस, बाई." नाव मात्र रूपालीच राहिलं.

पुढच्या कॅम्पला आबा एकटेच एस.टी.नं आले. "काम काही नही. काटाजवळ उभा ऱ्हास," म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला प्रायश्चित्त करायचंय, करू दे. ते पाठीमागे हात बांधून काट्याशेजारी उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांनी दोन करंगळ्या पकडल्या. एक जामनेरच्या बापाची आणि एक शिंदखेड्याच्या मावशीची. तिसऱ्या बाळाच्या लंगोटात लोखंडी वजन निघालं.

तेव्हापासून आमच्याकडे वजन उघड्या अंगानं आणि नातेवाईकांना लांब उभं करून होऊ लागलं. एवढी साधी गोष्ट शिकायला एक मापाडी यावा लागला.

आबांनी करंगळ्या पकडल्या त्या दुपारी मी मात्र चहा घेतला नाही. मागच्या दहा वर्षांत कितीतरी मुलांना पेपरवरच्या वजनावर मी भूल दिली होती. सगळी सुखरूप घरी गेली. मी ते माझ्या हाताचं यश समजत होते.